आपली लेणी : ती कोणाच्या दानातून झाली आणि ती कशी पाहावीत

आपल्या देशातील प्रसिद्ध ऐतिहासिक वास्तू सांगा म्हटले की ताजमहाल, लाल किल्ला, कुतुबमिनार ही नावे शाळेतील मूलही धडाधड सांगते. या वास्तू थोर आहेत यात शंका नाही. परंतु त्या बादशहांच्या व सुलतानांच्या हुकमाने आणि त्यांच्या खजिन्यातून उभ्या राहिल्या. आपल्या महाराष्ट्रात मात्र अशाही वास्तू आहेत की ज्यांना राजांनी जमिनी व गावे दिली, पण ज्यांचे खांब, दरवाजे, खोल्या आणि पाण्याची टाकी सुतार, लोहार, सोनार, धान्याचे व्यापारी, गृहिणी, भिक्षू व भिक्षुणी यांच्या दानातून झाली. एवढेच नव्हे, तर त्या दात्यांची नावे दोन हजार वर्षांनंतर आजही तेथील दगडावर वाचता येतात. या वास्तू म्हणजे आपली बौद्ध लेणी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून आपल्या समाजाची पावले लेण्यांकडे वळू लागली. आज वाड्यावस्त्यांतून बस करून मंडळी कार्ल्याला, अजिंठ्याला, कान्हेरीला जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु लेणे पाहून परत आलेल्या माणसाला "काय पाहिले?" असे विचारले तर "मोठी गुहा होती, स्तूप होता, फोटो काढले" यापलीकडे फारसे सांगता येत नाही, असा आमचा अनुभव आहे. म्हणून लेणे म्हणजे काय, ते कोणी कोरविले आणि तेथे गेल्यावर काय पाहावे, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे या लेखात देण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

लेणे म्हणजे काय?

लेणे ही निसर्गाने तयार केलेली गुहा नव्हे. ती माणसाने छिन्नी-हातोड्याने डोंगरात कोरलेली इमारत आहे. इतर इमारती खालून वर बांधीत नेतात. येथे बहुधा वरून खाली कोरीत यावे लागे. आधी छताकडील भाग मोकळा करावयाचा आणि मग खाली उतरत जमिनीपर्यंत यावयाचे, अशी पद्धत होती. अजिंठ्याच्या अपुऱ्या राहिलेल्या लेण्यांत हे काम कसे चालत असे ते स्पष्ट दिसते. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट दगड कठीण असतो आणि येथे चूक दुरुस्त करता येत नाही. बांधकामात एखादी वीट चुकली तर काढून दुसरी लावता येते, पण कोरताना खांब तुटला तर तो तुटलाच.

लेण्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला चैत्यगृह. हे वंदनेचे स्थान. लांबट दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी अर्धवर्तुळाकार भाग आणि तेथे स्तूप, अशी त्याची रचना असते. खांबांच्या मागून स्तूपाला प्रदक्षिणा घालता येते. दर्शनी भागावर पिंपळपानासारखी मोठी कमान असते, तिला चैत्यगवाक्ष म्हणतात. तिच्यातून आलेला उजेड थेट स्तूपावर पडतो. दुसरा प्रकार विहार. हे भिक्खूंचे निवासस्थान. मध्ये चौक आणि तीन बाजूंना लहान खोल्या. पुष्कळ खोल्यांत दगडाचाच ओटा, झोपण्यासाठी. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, यास वर्षावास म्हणतात. त्यासाठी अशा पक्क्या निवाऱ्याची गरज होती.

याखेरीज प्रत्येक लेण्यापाशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके असते. शिलालेखांत त्यास 'पोढी' असे म्हटले आहे. डोंगरावरून वाहणारे पाणी लहान पन्हळींतून या टाक्यांत आणून साठविले जाई. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि तेथील टाक्यांची व पन्हळींची योजना तर आजच्या पाणीपुरवठा खात्यानेही पाहावी अशी आहे.

अनेक जण विचारतात की जुन्या लेण्यांत बुद्धमूर्ती का नाही? याचे कारण असे की भाजे, कार्ले येथील मूळ लेणी इ. स. पूर्व दुसरे शतक ते इ. स. दुसरे शतक या सुमाराची आहेत. त्या काळी येथे वंदना स्तूपाला होत असे. मूर्तीची प्रथा पुढे वाढली. अजिंठ्याची पाचव्या शतकातील लेणी पाहिली म्हणजे स्तूपावरच बुद्धमूर्ती कोरलेली दिसते. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरील बुद्धमूर्तीही मागाहून कोरलेल्या आहेत. तेव्हा मूर्ती नसली म्हणजे लेणे अपुरे असे समजू नये. ते जुने आहे असे समजावे.

डोंगरातच का?

लेणी आडरानात आहेत असे आज आपणास वाटते. पण त्या काळी ती हमरस्त्यावर होती. सोपारा आणि कल्याण ही मोठी बंदरे होती. तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून सह्याद्रीच्या घाटांनी वर जाई. नाणेघाट चढले की जुन्नर, बोरघाट चढले की कार्ले आणि भाजे. उत्तरेकडच्या वाटेवर नाशिक. तेथून पुढे पैठण आणि तेर अशा बाजारपेठा. तांड्यांना वाटेत पाणी व निवारा हवा, भिक्खूंना भिक्षा हवी, आणि धम्म ऐकणारे लोक तर याच वाटेने येत-जात. म्हणून लेणी वस्तीपासून थोडी दूर पण वाटेपासून जवळ अशी कोरली गेली. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, याचे मर्म नाणेघाटात आहे.

भिंतीवरची नावे

लेण्यांतील लेख ब्राह्मी लिपीत आणि बहुतांशी प्राकृत भाषेत आहेत. ही लिपी वाचण्याची विद्या मध्यंतरी लोप पावली होती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली आणि मुके दगड बोलू लागले. ते काय बोलले, ते आता पाहू.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब व १४ मीटर उंच आहे. भारतातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे मानले जाते. दर्शनी भिंतीवरील लेख सांगतो की जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केले. एवढेच वाचून थांबलो तर हे एका श्रीमंत शेठचे काम वाटेल. पण पुढे जाऊन खांब पाहावेत. स्तूपाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि मागे सात असे ३७ खांब आहेत, आणि त्यांतील अनेकांवर निरनिराळ्या दात्यांची नावे आहेत. धेनुकाकट गावच्या सिहधय नावाच्या यवनाने एक खांब दिला. त्याच गावच्या इतर यवनांनीही खांब दिले. सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने धातू ठेवलेला खांब दिला. दरवाजाच्या कामात सिंहदत्त नावाच्या अत्तरे विकणाऱ्याचे दान आहे, आणि सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. कोडी नावाच्या भिक्षुणीने वेदिकेची पट्टी दिली. ती घुणिकाची आई होती, हे लेखात आहे, आणि ते काम नंदिकाने केले हेही आहे. देणाऱ्याबरोबर काम करणाऱ्याचेही नाव कोरणारे लोक होते ते.

भाजे येथे एका विहारात बाधा नावाच्या स्त्रीचे दान नोंदलेले आहे. ती कोण? नांगरधारी शेतकऱ्याची बायको. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त सोनाराने पाण्याची पोढी दिली. त्याच कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. तेथेच चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकच्या चैत्यगृहाच्या दारावर धंभिक गावाचे दान असल्याचा लेख आहे. म्हणजे तेथे एका माणसाने नव्हे, तर साऱ्या गावाने मिळून दिले. रायगड जिल्ह्यातील कुडे येथे एका माळी कुटुंबातील माणसाने लेणे दिले आणि एका ब्राह्मण उपासकाच्या पत्नीने चैत्यगृह दिले.

या यादीचा अर्थ काय? पहिला अर्थ असा की ज्याला जे झेपले ते त्याने दिले. कोणी संपूर्ण लेणे, कोणी एक खोली, कोणी एक खांब, कोणी नुसती वाट. दुसरा अर्थ असा की स्त्रियांनी आपल्या नावाने दान केले. तिसरा अर्थ असा की बहुतेकांनी आपली ओळख गाव आणि धंदा यांनी सांगितली. सुतार, लोहार, सोनार, माळी, गंधी हे धंदे येथे मानाने सांगितलेले आहेत. आणि यवन असो, ब्राह्मण असो, शेतकऱ्याची घरधनीण असो, संघासाठी सर्वांचे दान सारख्याच दगडावर कोरले गेले. शिलालेखांत अनेकदा 'देयधम्म' हा शब्द येतो. देणे हाच धर्म, असा त्याचा सरळ भाव आहे.

भाषेच्या दृष्टीनेही हे लेख आपले आहेत. त्यांत 'लेण' हा शब्द आहे. आपण आजही लेणेच म्हणतो. खोलीला 'ओवरक' म्हटले आहे. आपली ओवरी तीच. सुताराला 'वढकी' म्हटले आहे. विदर्भात आजही सुतारास वाढई म्हणतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पाली व प्राकृत या भाषांनाही अभिजात दर्जा जाहीर केला. या भाषांचे नाते ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी लेण्यांच्या भिंती पाहाव्यात.

दानाचा चोख हिशेब

आपल्यासारख्या संस्था चालविणाऱ्यांनी आवर्जून वाचावा असा एक लेख नाशिकच्या दहाव्या लेण्यात आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणे दिले. पण केवळ लेणे देऊन तो थांबला नाही. तेथे राहणाऱ्या भिक्खूंच्या खर्चाची कायमची सोय त्याने केली, ती अशी.

त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. २००० चे व्याज दरमहा २०, म्हणजे वर्षाला २४० होते. लेखात म्हटले आहे की वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. एका नाण्याचाही फरक नाही! दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण किरकोळ खर्चासाठी ठेवले. हा सर्व व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखविला गेला आणि फलकावर नोंदविला गेला.

याच नाशिकच्या लेण्यांत पुढच्या काळातील आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे आणि तेली यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. कशासाठी? चारी दिशांकडून येणाऱ्या भिक्खुसंघातील आजाऱ्यांना औषध मिळावे म्हणून. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हा वैद्यकीय मदतनिधी होय. ठेव सुरक्षित, उद्देश स्पष्ट, हिशेब जाहीर आणि लेख सर्वांच्या डोळ्यांसमोर. कल्याणकारी संस्था कशी चालवावी याचा वस्तुपाठ आपल्या पूर्वजांनी दगडावर लिहून ठेवलेला आहे. वर्गणीची पावती वेळेवर न देणाऱ्या कार्यकर्त्यांनी तरी नाशिकला एकदा जाऊन यावे!

नावे पुसली कशी गेली?

संघ विखुरला, वाटा बदलल्या, लिपी विस्मरणात गेली. मग एवढे प्रचंड काम माणसाचे असणे शक्य नाही असे वाटून लोकांनी ते पांडवांच्या नावावर टाकले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांना आजही सर्रास पांडवलेणी म्हणतात. काही लेण्यांत वा लेण्यांसमोर पुढच्या शतकांत इतर देवस्थाने आली. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवीचे मंदिर आहे; लेण्याद्री येथे एका विहारात गणपतीचे स्थान आहे. तेथे श्रद्धेने येणाऱ्या माणसाशी आपले भांडण असण्याचे कारण नाही. परंतु त्याच डोंगरात कल्याणच्या सुलसदत्ताने चैत्यगृह दिले, हे सांगणारा लेख आहे. तो आपल्याला ठाऊक नसेल तर दोष कोणाचा? वाद घालून इतिहास कळत नाही, तो वाचून कळतो. "ही लेणी आमची" असे ओरडून सांगण्यापेक्षा "हा खांब सिहधयाने दिला, ही पोढी सामिदत्ताने दिली" असे बोट ठेवून सांगता आले तर ऐकणाऱ्याला अधिक पटते.

लेणी कशी पाहावीत?

प्रथमच जाणाऱ्यांसाठी काही सूचना देत आहोत.

१) एका दिवसात पाच ठिकाणे उरकू नयेत. एकच ठिकाण घ्यावे व सावकाश पाहावे. पुणे-लोणावळा मार्गावर मळवली स्थानकावर उतरले की भाजे जवळ आहे. सकाळी भाजे व दुपारी कार्ले असा एक दिवस चांगला जातो. भाजे जुने आणि कार्ले त्यानंतरचे, त्यामुळे कला कशी वाढत गेली हे क्रमाने दिसते.

२) भाज्याच्या चैत्यगृहात खांब किंचित आत कललेले आहेत ते पाहावे. लाकडी घरात छताचा भार पेलण्यासाठी खांब तसे कलते ठेवीत. दगडात त्याची गरज नव्हती, पण लाकडी इमारतीची सवय कारागिरांच्या हातात होती. कार्ल्याला वर पाहिले तर छताला खऱ्या लाकडाच्या कमानी दिसतात. त्या प्राचीन काळच्या आहेत. बाहेरील लहान स्तूपांचा समूहही भाज्याला पाहावा. तेथे थेरांची नावे आहेत. तो त्यांच्या स्मृतीचा परिसर होय.

३) मुंबईकरांनी कान्हेरी चुकवू नये. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून आत सहा-सात किलोमीटरवर ती आहेत. सोमवारी उद्यान बंद असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही बस ठरविण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

४) बरोबर एक छोटी वही, एक विजेरी आणि ब्राह्मी अक्षरांचा तक्ता असावा. 'दानं' हे दोनच अक्षरी शब्द मुलांना ओळखावयास शिकवावे. एकदा ते ओळखता आले की मुले प्रत्येक भिंतीवर शोधू लागतात. आम्ही याहून चांगली इतिहासाची शिकवणी पाहिलेली नाही.

५) चैत्यगृहात चप्पल, डबे, गाणी-बजावणी नको. थोडा वेळ शांत बसावे. त्रिसरण-पंचशील म्हणावे. आवाज कमानीत कसा घुमतो ते ऐकावे.

आपले कर्तव्य

लेण्यांचा मोठा शत्रू पाऊस-वारा नाही. तो खिळा किंवा चुन्याची कांडी घेऊन भिंतीवर स्वतःचे नाव लिहिणारा माणूस आहे. १८१९ साली अजिंठ्याची लेणी पाहणाऱ्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानेही दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले. त्याचे अनुकरण आपण करू नये. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकास इजा करणे हा गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु आपल्या माणसाला कायद्याची भीती दाखवावी लागू नये. निळी शाई असो की 'जय भीम' हे शब्द असोत, लेण्याच्या भिंतीवर काहीही लिहिणे म्हणजे शेतकऱ्याची बायको बाधा आणि तिच्यासारख्या दात्यांच्या दानावर ओरखडा काढणे होय. टाक्यात कचरा टाकणे म्हणजे सामिदत्ताने दिलेले पाणी नासविणे होय. खडू लावून अक्षरे उठावदार करणे, मूर्तींना तेल वा रंग लावणे हेही टाळले पाहिजे. त्याने दगड खराब होतो.

वाचक बंधू-भगिनींनो, प्रत्येक संस्था आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापते. कोणी पाचशे एक देतो, कोणी एकावन्न देतो, कोणी मांडव घालून देतो. ही रीत आपण आज शोधून काढलेली नाही. लोहार नंदाने वाट दिली तेव्हापासून ती चालत आली आहे. लेणे पाहावयास जाताना त्या यादीतील एक तरी नाव पाठ करून जावे आणि ते मुलांना दाखवून यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

भवतु सब्ब मंगलं.